दोन वर्षं राखलेली जागा

बाबा, लंबू आलाय. इथे चँडलरला, आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर, त्याची धाकटी मुलगी राहते. तिला बाळ झालं म्हणून तो आणि त्याची बायको युटाहून गाडी चालवत आले आहेत. काल दुपारी त्याचा फोन आला आणि तासाभरात तो दारात हजर. डोक्यावर एक केस उरलेला नाही, एक गुडघा नवा बसवलाय, पण अजूनही आत येताना मान वाकवतो, दार कितीही उंच असलं तरी. त्याला बघितल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते प्रेम नव्हतं. माझी साठी जवळ आली, दोन्ही मुलांची लग्नं झाली, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, आणि मला त्या टकल्या म्हाताऱ्याचा हेवा वाटला. मी दार उघडं धरून उभा राहिलो आणि तोंडभर हसलो. त्याने मला मिठी मारली आणि पहिलं वाक्य काय बोलला असेल? 'काकांची फार आठवण येते रे.' काका म्हणजे तुम्ही; त्याला येणारा मराठी शब्द हा एवढाच, बाकी सगळं इंग्रजीत. तुमची आठवण त्याला यावी, हेही मला खुपलंच.

बसला, पोहे खाल्ले, चहाला नाही म्हणाला, दूध प्यायला. आणि मग कॉलेजातल्या माझ्या त्या शेवटच्या हिवाळ्याबद्दल त्याने मला दोन गोष्टी सांगितल्या, ज्या मला इतकी वर्षं माहीत नव्हत्या. काल रात्रभर मी त्यातच घोळत होतो. आता भरदुपारी बाहेर ऊन रणरणतंय, घरात कोणी नाही, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कागद घेऊन बसलोय. तुम्हाला लंबूची ओळख करून द्यायला नको. पण मला सगळं एकदा पहिल्यापासून नीट लावून घ्यायचंय, म्हणून तुम्हाला माहीत असलेलंही लिहितो. तुम्ही तसेही मध्ये बोलणाऱ्यातले नव्हतातच.

लंबू हे नाव आईचं. आम्ही दोघं एकाच वर्षी कॉलेजच्या बास्केटबॉलच्या संघात आलो, पण आलो वेगवेगळ्या दारांनी. तो गावातल्या हायस्कूलचा लाडका. त्याचे वडील दूधवाले, तीस-चाळीस गाई, चर्चमध्ये मान. दुकानात गेला तर लोक त्याच्या पाठीवर थाप मारायचे. मी आलो चाचणी देऊन, बाकावर बसायला. आमची जागाही एकच. चेंडू घेऊन पुढे जायचं आणि बाकीच्या चौघांना खेळ मांडून द्यायचा, ते काम एकाच माणसाचं असतं, आणि ते काम करणारे आम्ही दोघं. पहिलं वर्षभर तो खेळला आणि मी टॉवेल धरून बसलो. त्याला मी एकदा घरी आणला, तेव्हा आईने वर बघत बघत 'अरे, हा केवढा लंबू!' म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. आईने नेहमीसारखं आलं घालून चहा केला. त्याच्या धर्मात चहा-कॉफी चालत नाही हे मी सांगायला विसरलो होतो. तो बिचारा कप हातात धरून बसला, नाही म्हणायची लाज वाटत होती त्याला. आईला कळल्यावर ती इतकी ओशाळली, की पुढे आयुष्यभर तो आला रे आला की वेलदोडा घालून दूध गॅसवर चढायचं. मला कधी न मागता दूध मिळालं नाही.

आणि मग त्या वर्षाच्या शेवटी त्याचं जायचं ठरलं. युटातल्या आमच्या त्या खोऱ्यात ही गोष्ट इतकी नेहमीची होती की कोणी तिच्याबद्दल बोलायचंसुद्धा नाही. पोरगा एकोणीस वर्षांचा झाला की पांढरा सदरा, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी लावून दोन वर्षं धर्मप्रचाराला जायचा, चर्च पाठवेल त्या देशात. फोन वर्षातून दोनदा, पत्र आठवड्याला एक. आमच्या संघातली निम्मी पोरं कायम या ये-जा करण्यात असायची. एक निघाला, एक परत आला. कोचकडे त्याची यादीच होती, कोण कुठल्या वर्षी परतणार याची. लंबूला फिनलंड मिळालं. हे सगळं मी घरी जेवताना सांगितलं, तेव्हा आईने पोळी लाटता लाटता विचारलं, 'दोन वर्षं? आणि आल्यावर परत घेतात?' मी म्हटलं, घेतात, खेळायची वर्षं वाया जात नाहीत, त्याचा नंबर दुसऱ्या कोणाला देत नाहीत, कपाटावरची नावाची पट्टीसुद्धा काढत नाहीत. आईने तुमच्याकडे बघितलं. तुम्ही ताकाचा पेला खाली ठेवलात आणि विचारलंत, 'लेखी देतात का?' मी म्हटलं, छे, लेखी कसलं, असंच असतं. तुम्ही म्हणालात, 'लेखी नाही ना? मग राहील त्याची जागा.'

तेव्हा मी हसलो होतो. तुमच्या त्या बोलण्यामागे काय होतं ते मला आईकडून तुकड्यातुकड्याने कळलं. पुण्यात सरकारी प्रयोगशाळेत तुम्ही काच फुंकणारे होतात. शास्त्रज्ञांना लागणाऱ्या वाकड्यातिकड्या नळ्या, फ्लास्क, एकात एक बसवलेली भांडी, सगळी हाताने करायची. युटाच्या विद्यापीठाने बोलावलं तेव्हा तुम्ही दोन वर्षांची बिनपगारी रजा घेऊन एकटेच निघालात. सरकारी नोकरीत याला लिएन म्हणतात, म्हणजे दोन वर्षं तुमची खुर्ची तुमच्याच नावाने राहणार, आणि तसा कागद तुमच्याकडे सहीशिक्क्यानिशी होता. खुर्ची सांभाळायला तुम्ही तुमच्या हाताखालचा माणूस ठेवून आलात, ज्याला तुम्हीच काच तापवायच्या ज्योतीपुढे बसवून शिकवला होता. दोन वर्षं संपायच्या आत प्रयोगशाळेचं पत्र आलं, की त्या जागेवर त्याला कायम करण्यात आलं असून आपणास योग्य जागा उपलब्ध होताच कळवण्यात येईल. मग तुम्ही आम्हाला इकडे बोलावून घेतलंत. त्या माणसाची पत्रं येत राहिली, दर दिवाळीला एक. तुम्ही ती न फोडता रद्दीत टाकायचात. सहावीतून उठून मी इथे आलो, त्याचं कारण तो माणूस होता, हे मला कितीतरी वर्षांनी समजलं.

लंबू गेला आणि मला जागा मिळाली. फुकट नाही मिळाली. दोन उन्हाळे मी त्या जिममध्ये घाम गाळला, आणि तिसऱ्या वर्षी सगळ्या सीझनभर पहिल्या पाचात मी होतो. तुम्ही प्रत्येक सामन्याला यायचात. तिसरी रांग, कोपऱ्यातली खुर्ची, मांडीवर आईने दिलेला डबा. 'तुमचा तो टोपलीचा खेळ' असं म्हणायचात, पण एकही सामना चुकवला नाहीत. मी मात्र वाट बघायचो ती घरी जाताना गाडीत तुम्ही काय बोलता त्याची. हीटर चालू, काचेवर बर्फ, आणि तुम्ही अर्ध्या वाटेपर्यंत गप्प. मग म्हणायचात, 'डावा हात.' संपलं! मी वीस गुण करू दे, नाहीतर शेवटच्या मिनिटाला सामना फिरवू दे, तुमचं आपलं डावा हात. तुमचं बरोबर होतं, माझा डावा हात कच्चाच होता. पण बाबा, एकदा तरी उजव्याबद्दल बोलायला काय हरकत होती?

चौथं वर्ष माझं शेवटचं. त्याच्या आधीच्या उन्हाळ्याच्या शेवटी तो परत आला. विमानतळावर अर्धं गाव लोटलं होतं, हातात पाट्या, फुगे. मी पण गेलो होतो, नाही गेलो तर दिसलं असतं. तो वाळला होता, रंग पिठासारखा झाला होता, इंग्रजी बोलताना शब्द शोधत होता. जिममध्ये त्याच्या कपाटावरची पट्टी होती तिथेच होती, आत बारा नंबरचा शर्ट टांगलेला. माझं कपाट शेजारचं. त्याने शर्टाला हात लावला, घातला नाही, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, 'तू फार छान सांभाळलंस, मला कळलंय सगळं.' सांभाळलंस! म्हणजे मी काय रखवालदार होतो? मी विचारलं, तुला कसं कळलं? तर म्हणाला, 'काकांची पत्रं यायची की.' तुम्ही त्याला दर महिन्याला पत्र लिहीत होतात, बाबा, आणि प्रत्येक सामना कसा झाला, मी कुठे चेंडू कापला, कोणाला कसा चकवला, सगळं त्यात असायचं. मला गाडीत दोन शब्द, आणि फिनलंडला पानंच्या पानं. माझं कौतुक तुम्ही पोस्टाचं तिकीट लावून दुसऱ्याच्या मुलाला पाठवत होतात.

त्याच आठवड्यात कोचने मला बोलावलं. म्हणाला, जागा कोणाची ते सराव सुरू झाल्यावर ठरेल, दोघांनाही संधी आहे, पण मधल्या सहा आठवड्यांत त्याचे पाय परत आणायला हवेत. 'हात विसरत नाहीत, पाय विसरतात. तू रोज सकाळी त्याला घेऊन पळ. मात्र पहिले दोन आठवडे फक्त गवतावर, अर्धा तास, एक दिवसाआड. त्याला हळू आण.' मलाच का सांगितलं? संघात सगळ्यात शहाणा, कष्टाळू पोरगा मी, म्हणून. माझी जागा घेणारा माणूस तो माझ्याच हातून तयार करून घेणार होता. मी मान डोलावली आणि बाहेर आलो.

लंबूची एक खोड होती, ती त्या पहिल्या दिवसांत दिसली. त्यांच्यात प्रचाराची ती दोन वर्षं जोडीजोडीने राहायचं असतं, एक मिनिटही एकट्याने बाहेर पडायचं नाही, आणि जोडीतला जुना माणूस सांगेल ते नव्याने ऐकायचं. ती सवय त्याच्या अंगात भिनली होती. मी सकाळी पोचायचो तेव्हा तो जिमच्या दाराशी उभा असायचा. दार उघडं असायचं, आत दिवे लागलेले असायचे, पण एकटा आत जायचा नाही. मी आलो की चेहरा खुलायचा आणि म्हणायचा, 'आज काय करायचं?' मी सांगेन ते. त्याने मला त्याचा जोडीदार करून टाकलं होतं. मी त्याला गवतावर नेला नाही. मी त्याला स्टेडियमच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर नेला, पहिल्या दिवसापासून, आठवड्यातले सहा दिवस. वर पळत जायचं, खाली पळत यायचं. मी स्वतःला सांगत होतो की कोच उगाच जपतो, तगडा पोरगा आहे, प्रचारासाठी दोन वर्षं दारोदार सायकल मारलीय. पण मला माहीत होतं, बाबा. नवव्या दिवशी तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकला आणि नडगीचं हाड अंगठ्याने दाबून बघत राहिला. मी ते बघितलं. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, 'अजून दहा.' आणि तो उठला आणि पळाला.

तीन आठवड्यांनी त्याला चालता येईना. नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली होती. डॉक्टरांनी सीझन विसरा म्हणून सांगितलं. सगळ्यांना वाटलं, लवकर परत यायच्या घाईत त्यानेच अति केलं. कोचने विचारलं तेव्हा तो म्हणाला, मी जास्त पळालो. खोटं नव्हतं, पण कोणी पळवलं ते त्याने सांगितलं नाही. आणि मीही नाही सांगितलं. कॉलेजात खेळायला चार वर्षं मिळतात आणि न खेळलेला सीझन त्यात धरत नाहीत, त्यामुळे त्याचं वर्ष काही बुडालं नाही, त्याची तिन्ही वर्षं शिल्लक राहिली. माझं मात्र शेवटचं होतं, आणि ते मला मिळालं.

तो रविवार मला स्वच्छ दिसतो. तुम्ही आणि आई टेबलाशी बसला आहात, मागच्या अंगणातल्या झाडाची शेवटची पीच, साखरांब्यासाठी. तुम्ही फोडी करताय, एकसारख्या, जणू मापून. मी फ्रीजमधून काहीतरी घ्यायला येतो आणि तुम्ही वर न बघता विचारता, 'कोचने तुला काय सांगितलं होतं?' मी म्हणतो, 'हेच, की पळव त्याला.' 'कसं पळव?' 'तसं काही नाही सांगितलं.' तुमचा हात थांबतो. तुम्ही सुरी फडक्याला पुसता आणि म्हणता, 'काच घाईने गार केली ना, तर लगेच नाही तडकत. चांगली दिसते. मग दोन महिन्यांनी कपाटात ठेवल्या ठेवल्या तडकते, आणि कोणाच्या हातची चूक ते कळत नाही.' आई म्हणते, 'आता इथे काच कुठून आली? फोडी करा.' तुम्ही परत फोडी करायला लागता. मी दुधाची बाटली तोंडाला लावून तिथेच उभा राहतो. मला वाटलं, तुम्ही अजून एकदा विचारलंत तर सांगून टाकीन. तुम्ही विचारलं नाहीत. मी खोली गाठली.

आणि मग तो हिवाळा. पहिल्याच सामन्याला मी सवयीने तिसऱ्या रांगेकडे बघितलं, तर कोपऱ्यातली खुर्ची रिकामी. शोधलं, तर तुम्ही आमच्या बाकाच्या मागे, लंबूच्या शेजारी. दोघांच्या मध्ये त्याच्या कुबड्या. आईचा डबा त्याच्या मांडीवर. मला वाटलं, आज असेल. पण तुम्ही दर सामन्याला तिथेच. बाहेरगावी सामना असला की त्याला गाडीत घालून न्यायचात, पुढच्या सीटवर, त्याचे पाय लांब म्हणून. परतताना मी मागे. तुम्ही दोघं बोलायचात, बाबा. तुम्ही! एकदा मी फ्री थ्रो टाकायला उभा होतो, सगळं जिम शांत, आणि मला तुमचं हसणं ऐकू आलं. तुमचं मोठ्याने हसणं मी घरी कितीदा ऐकलं असेल, बोटांवर मोजावं इतकं. चेंडू कड्यावर आदळून बाहेर आला. जागेसाठी मी त्या पोराचं हाड मोडलं होतं, आणि जागा मला मिळाली होती, मैदानावरची. तुमच्या शेजारची तो घेऊन बसला होता, आणि त्यासाठी त्याला काही करावं लागलं नव्हतं, फक्त लंगडावं लागलं होतं. त्या हिवाळ्यात मी रोज जळलो. शेवटच्या सामन्यात मी आयुष्यात खेळलो नाही इतकं चांगलं खेळलो. संपल्यावर वर बघितलं, तर तुम्ही वाकून खुर्चीखाली सरकलेली त्याची कुबडी काढत होतात. गाडीत तुम्ही 'बरं खेळलास' म्हणालात. डाव्या हाताबद्दल काही नाही. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते मिळालं, आणि मला ते उष्टं वाटलं.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. मी शिकायला दुसरीकडे गेलो, तिथून नोकरीला. तो बारा नंबरचा शर्ट घालून तीन वर्षं खेळला आणि तुम्ही तिन्ही वर्षं जात राहिलात. फोनवर आई सांगायची, आज यांचा सामना आहे. यांचा! मी 'हो का' म्हणायचो. त्याचा हेवा करायची मला इतकी सवय झाली, की हेवा कशासाठी करतो हेसुद्धा मी विसरून गेलो. तुमच्या दिवसांना तो आला, हॉलमध्ये मागे खाली मांडी घालून बसला, एवढे लांब पाय कसेबसे दुमडून, आणि माझ्यापेक्षा जास्त रडला. तेव्हाही माझ्या मनात आलं, हा कोण लागून गेलाय.

तर आता काल त्याने काय सांगितलं ते. पोहे संपवून त्याने बशी बाजूला केली आणि म्हणाला, 'तुला माहीत आहे का, काका माझ्या शेजारी का बसायचे?' मी म्हटलं, तू त्यांना आवडायचास. तो म्हणाला, 'ते नंतर.' त्या पीचच्या रविवारी संध्याकाळी तुम्ही त्याच्या घरी गेला होतात, एकटे, चालत. त्याच्या आईने दार उघडलं, तुम्ही टोपी हातात घेऊन त्याच्या खोलीत गेलात आणि उभ्याउभ्या म्हणालात, 'हे माझ्या मुलाने केलंय. त्याने मला सांगितलेलं नाही, पण मला माहीत आहे. त्याच्या वतीने माफी मागायचा मला हक्क नाही, ती त्याने मागायची. पण तुला एकटं बसायची सवय नाही. पाय बरा होईपर्यंत तुझ्या शेजारी मी बसेन.' आणि तुम्ही बसलात. पाय बरा झाल्यावरही उठला नाहीत, ते तुमचं तुम्ही ठरवलंत. लंबू म्हणाला, 'मलाही माहीत होतं. दुसऱ्या आठवड्यातच कळलं, की तू मला हळू आणत नाहीयेस. पण मी बोललो नाही, कारण मलाही हळू नको होतं. मला माझी जागा लगेच हवी होती, आणि ती तुझ्याकडे होती. काकांना मी हे तेव्हाच सांगितलं.'

दुसरी गोष्ट त्याने निघायच्या जरा आधी सांगितली. त्या हिवाळ्यात, कुठल्यातरी सामन्याहून परतताना, तुम्ही त्याला पुण्याची सगळी गोष्ट सांगितलीत. कागद, सही, शिक्का, ज्योतीपुढे बसवून शिकवलेला तो माणूस, न फोडलेली पत्रं. सगळी, सलग. मी त्या दिवशी मागच्या सीटवर कानाला वॉकमन लावून बसलो असणार. आणि तुम्ही म्हणालात, 'दहा वर्षं मी त्याला चोर समजत होतो. आता तसाच एक माझ्या घरात जेवायला बसतो. मला तो चोर वाटत नाही, घाबरलेला वाटतो.' त्या दिवाळीला आलेलं पत्र तुम्ही फोडलंत, आणि उत्तर लिहिलंत. लंबूला तुम्ही ते पोस्टात टाकायला दिलं होतं. तो कुबड्यांवर गेला आणि टाकून आला. पुण्याच्या त्या माणसाला दहा वर्षांनी तुमचं पत्र गेलं, ते माझ्यामुळे, आणि ते मला कळायला तुम्ही जाऊन एकवीस वर्षं उलटावी लागली, तेही ज्याचं हाड मी मोडलं त्याच्याकडून. खरं सांगू? हे ऐकून मला भरून यायला हवं होतं. आलंही. पण त्याच्या आधी मनात आलं की हे तुम्ही मला का नाही सांगितलंत, त्याला का. मी तुमच्या मागेच बसलो होतो, बाबा, दोन हातांवर.

हे सगळं सांगून तो माझ्याकडे बघत राहिला. घाई नव्हती त्याला. जिमच्या दाराशी उभा राहायचा तसाच, मी काही म्हणेन म्हणून. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, 'त्या पायऱ्यांचं मला आता काही नीट आठवत नाही रे. खूप वर्षं झाली.' त्याने मान हलवली, 'हो, खूप वर्षं झाली,' म्हणाला, आणि कपातलं उरलेलं दूध पिऊन टाकलं. परवा सकाळी परत येतो म्हणाला, नातीला घेऊन.

आठवतं, बाबा. एका बाजूला अठ्ठेचाळीस पायऱ्या होत्या. सकाळी सहाला सिमेंट गार असायचं आणि त्याच्या बुटांचा आवाज माझ्या मागून यायचा, आणि नवव्या दिवसापासून त्यातला एक बूट जरा हलका पडायचा. मी तो ऐकत होतो आणि मागे वळून बघत नव्हतो.

उद्या तो इथेच बसेल, याच खुर्चीवर, आणि मी त्याला पोहे देईन. हा कागद मी उचलून ठेवणार नाही, इथेच त्याच्यासमोर राहू दे. इतका वेळ मी स्वतःला सांगत होतो, की मराठीत लिहितोय ते तुमच्यासाठी. तसं नाहीये. त्याला मराठी वाचता येत नाही, म्हणून लिहितोय.